चार गिअरच्या चार हाळ्या

लिंबाजीमामांच्या सायकलला घंटी नव्हती. हे मुद्दाम सांगायचं कारण, मामा आमच्या कारखान्यात हॉर्न तपासायचे. दिवसभर ट्रकचे, मोटारींचे, स्कूटरचे हॉर्न वाजवून बघणारा हा माणूस सुटी झाली की सायकलवर टांग मारायचा आणि कुणी आडवं आलं की तोंडानंच ओरडायचा, ‘हाऽऽ हा!’ लोक दचकून बाजूला व्हायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, घंटी लावा की एखादी. नाही तर आपलाच एखादा नापास हॉर्न लावा." तर म्हणाले, "घंटी समद्यांना सारखीच वाजती, सुमन. म्हातारीला येगळं वरडावं लागतं, म्हशीला येगळं."

तेव्हा चिकलठाण्याला शेडला शेड लागून उभी राहत होती. वाळूजकडं तर ज्वारीच्या रानात कंपन्यांच्या कमानी दिसायला लागल्या होत्या आणि खेड्यापाड्यांतून माणसं डबा बांधून कामाला येत होती. आमचं युनिट म्हणजे पत्र्याची एक शेड. पुण्याहून आलेले एक इंजिनिअर, ते मालक. त्यांना सगळे साहेबच म्हणायचे. मी कॉइल गुंडाळायच्या टेबलावर. आम्ही बायका तारेचे वेढे मोजायचो आणि गप्पा मारायचो, आणि मधल्या पत्र्याच्या पलीकडं मामांचं टेस्टिंगचं टेबल. कुणाच्या सासूची गोष्ट रंगात आली की नेमकं तिकडून ‘पोंऽऽ’! त्या सासवांचं पुढं काय झालं ते मला आजही माहीत नाही.

मामा कन्नडच्या पुढचे, घाटाच्या कडेला असलेल्या एका गावचे. घरची मेंढरं होती, वाढले ते मेंढरांमागंच. स्टुलावर घोंगडीची चौघडी टाकून बसायचे, डोळे मिटायचे आणि हॉर्न दाबायचे. "ह्याला पडसं झालंय." तो बाजूला. "हे रडतंय, पडदा ढिला हाये." तोही बाजूला. "हां, हे बेस." साहेबांनी आवाज मोजायचं एक मीटर हौसेनं आणून टेबलावर ठेवलं होतं, त्याच्यावर मामा चहाची बशी ठेवायचे. साहेब कधीमधी बशी उचलून, पडसं झालेला हॉर्न मीटरला लावून बघायचे. मामांचंच खरं निघायचं. साहेब मुकाट्यानं बशी परत जागेवर ठेवायचे.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. मामा पितळी तांब्या घरून घेऊन यायचे. शेडमधल्या माठाला हात लावायचे नाहीत. माठ भरायचं काम माझं होतं, आणि मी विद्यापीठाच्या मागच्या वस्तीतली. नामांतराच्या मोर्चात माझा भाऊ दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. तेव्हा त्या तांब्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तोंडानं मी मामा मामा करायचे आणि मनात म्हणायचे, प्या तुमच्याच तांब्यातलं, माझं काय जातं! पण माणूस असा अजब की त्याच्याविषयीचं कुतूहल काही जाईना.

अशातच अख्तरभाई आले. गुलमंडीच्या मागं त्यांचं गॅरेज होतं, आमचे हॉर्न ते गाड्यांना बसवायचे. कुण्या जहागीरदाराच्या मोटारखान्यातली एक जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी त्यांच्याकडं आली होती. हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, टपाचा पत्ता नाही. ती घेऊन हे घाटाच्या शर्यतीत उतरायचे. त्या शर्यतीत एकेक गाडी खालून सोडतात आणि वर पोचायला किती वेळ लागला तो घड्याळावर मोजतात. अख्तरभाई दोन वर्षं ओळीनं अर्ध्या घाटात इंजिन मोडून बसले होते.

त्यांची तक्रार साधी होती. गिअर लवकर बदलला तर चढावर गाडीचा जोर जातो. उशिरा बदलला तर इंजिन नको तितकं फिरतं आणि आतलं काहीतरी तुटतं. किती फिरतंय ते दाखवणारा काटा समोर असतो, सहा हजारांपुढं लाल पट्टा असतो. पण घाटात वळणामागून वळण येतं. "मीटर देखूँ के रस्ता देखूँ, साब? दो आँखाँ हैं, तीसरी कां से लाऊँ?"

साहेब नुसते हसले. मामा मात्र स्टुलावरून उठून आले. "डोळे कामात हायेत ना? मग कानाला सांगू की."

असं म्हणून मामा कामाला लागले. साहेबांनी डोकं घातलं, मामांनी हात घातला. इंजिनात पडणाऱ्या ठिणग्या मोजायच्या, फेरे सहा हजारांवर गेले की एक रिले, म्हणजे विजेचा खटका, चिकटणार आणि बझर वाजणार, की अख्तरभाईंनी पुढचा गिअर टाकायचा, चौथ्यात असले तर पाय उचलायचा. त्या रिलेची कॉइल मी गुंडाळली, एवढाच काय तो माझा हात. पण तेवढ्यावर मी वस्तीत सांगत फिरले की आम्ही शर्यतीची गाडी बनवतोय.

वसाहतीच्या मागं एक नवा रस्ता झाला होता, अजून सुरू नव्हता. तिथं सकाळी चाचणी घेतली. गाडीच्या मीटरला दुसराही एक काटा होता. फेरे जास्तीत जास्त जिथवर जातील तिथं तो थांबून राहायचा, म्हणजे मागाहून लबाडी पकडता येते. बझर बरोब्बर सहा हजारांवर वाजत होता. काटा मात्र पहिल्या गिअरला सहा हजार सातशेवर जाऊन थांबला. दुसऱ्याला साडेसहा. चौथ्याला मात्र सहा हजार शंभर. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"अख्तरभाई, तुमचा हात आळशी आहे," साहेब म्हणाले.

"हात कू कायकू बोलते साब? जनाब कू खबरच देर से मिलती!"

मामा दोन दिवसांची रजा टाकून गावाकडं गेले ते सोमवारी उगवले, आणि आल्या आल्या तसेच, पायातल्या वहाणाही न काढता, साहेबांच्या खोलीत. आम्ही सगळ्या पत्र्याला कान लावून.

"साहेब, आपून हाळी उशिरा देतोय."

"कसली हाळी?"

"मेंढरू कड्याच्या काठावर गेल्यावर वरडून काय उपेग हाये का? त्यानं ऐकायचं, मग मान वळवायची, मग पाय. तवर गेलं खाली! हाळी द्यायची ती आधी. अन् उतारानं पळत असलं तर आनखी आधी. सपाटीला चरत चाललं तर निवांत दिली तरी भागतं." मामांनी दम घेतला. "पहिल्या गिअरला इंजिन उतारानं पळतंय, साहेब. चौथ्याला चरतंय. चारींना एकच हाळी कशी चालंल?"

आत खुर्ची सरकली. मग साहेबांचा आवाज आला, "बसा मामा, बसा. अहो, इतकं साधं... चहा सांगा कुणीतरी!" साहेबांनी मामांना स्वतःसमोरच्या खुर्चीवर बसवलेलं मी दारातून पहिल्यांदा पाहिलं. मला उगीचच भरून आलं. नंतर तांब्या आठवला आणि स्वतःचाच राग आला.

मग गिअरच्या दांडीच्या बुडाशी चार पत्त्या बसवल्या आणि बझरच्या डब्यावर फिरवायची चार बटणं. ज्या गिअरमध्ये गाडी, त्याचं बटण जागं. पहिल्याचं सगळ्यात लवकर वाजणार, चौथ्याचं सगळ्यात शेवटी. मामा रोज सकाळी अख्तरभाईंच्या शेजारी बसून ही बटणं केसाकेसानं फिरवायचे.

एका बाबतीत मात्र साहेबांचं आणि मामांचं जमेना. साहेब म्हणायचे, इंजिनाचा आवाज जाड आहे, तेव्हा बझर बारीक, टोचणारा हवा. मामा म्हणायचे जाडच हवा, ‘भोंऽ’ असा. "बारीक आवाज कानात ठरत नाय." साहेबांनी मान तुकवली. त्या कानांपुढं मीटर हरलेलं त्यांनी पाहिलेलं होतं ना!

शर्यत दोनदा पुढं गेली. नामांतराचा मोर्चा निघाला, उलट बाजूचा बंद झाला, मग संचारबंदी लागली. पोलीस माणसंच देईनात शर्यतीला. त्या संचारबंदीच्या दिवसांत एका सकाळी मामा खांदा धरून आले. शर्ट वर केला तर पाठीवर हा एवढा वळ! म्हणाले, सायकलवर येत होतो, पोलिसानं मागून येऊन काठी हाणली. "शिट्टी वाजवायची ना आधी? कामून वाजवली नाय?" सगळे पोलिसांना शिव्या देऊन मोकळे झाले. पण पॅकिंगमधली एक बाई मामांच्या मागंच चालत येत होती. ती मला हळूच म्हणाली, "अगं, तीनदा वाजवली. मी थांबले की. हे आपले चालले पुढं."

माझ्या डोक्यात तेव्हा काहीतरी कुरतडायला लागलं. परत आलेल्या मालाला चिठ्ठ्या लावायचं काम माझ्याकडं होतं. मी जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. परत आलेला माल जवळजवळ सगळा स्कूटरचा, म्हणजे बारीक आवाजाचा. तक्रार एकच, आवाजात किरकिर. ट्रकचा एकही नाही. मग मी पत्र्याच्या फटीतून मामांचे हात बघायला लागले. जाड हॉर्न ते पूर्वीसारखे डोळे मिटून ऐकायचे. बारीक हॉर्न आला की डोळे उघडे, तीन बोटं हॉर्नच्या पाठीवर, आणि नजर फटीतून आमच्या तोंडांकडं. आम्ही कपाळाला आठी घातली की हॉर्न बाजूला! इतके महिने स्कूटरचे हॉर्न आमच्या कपाळांनी पास केले होते आणि आम्हाला पत्ता नव्हता.

जेवणाच्या सुटीत शेडच्या मागं, बाभळीखाली मामा एकटे बसले होते. मी सरळ विचारलं, "मामा, बारीक ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी भाकरी खाली ठेवली. इकडं तिकडं बघितलं. "कवापून कळलं?"

"आठ दिवस झाले."

"हॉर्ननंच खाल्ले कान. सात वर्सं तेच करतोय." मग भाकरी फडक्यात परत गुंडाळली. "साहेबांना कळलं तर टेबल जाईल. टेबल गेलं की गावाकडं, मेंढरामागं. अन् मेंढरामागं बी कानच लागतेत, बाई. मग मी कुठंच कामाचा नाय."

मी म्हटलं, मी नाही सांगणार. तर मामा म्हणाले, "सांगितलंस तरी मी वाईट मानायचो नाय. तुझा हक हाये." मला कळेना कसला हक. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते, माझे शब्द त्यात नकोत. "नावाचा दंगा झाला त्या साली आमच्या गावात तुमच्या लोकांची दोन घरं जाळली. मी टेकडीवर, मेंढरात. बाया वरडत होत्या. समदं ऐकू येत होतं, तवा कान चांगले होते माझे. आधी वाटलं भांडान असंल. मग वाटलं जावं. मग म्हनलं, मेंढरं कुनावर सोडू? गेलो तवर राख झालती. हाळी कानावर आल्यावर मानूस हलायला किती येळ लावतो, ते मला इचार."

मी उठून आत आले. आठ दिवस त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. राग इतका होता की वेढे मोजताना चुकायचे. दया मुळीच आली नाही. आणि साहेबांना सांगितलं नाही तेही दयेपोटी नाही. रागात सांगितलं असतं तर तो सूड झाला असता, आणि माझ्या भावानं तुरुंगात जाऊन जे मागितलं ते काही सूड नव्हतं. नवव्या दिवशी माठ भरताना बघते तर मामा रांगेत, हातात शेडमधला जर्मनचा पेला. प्याले, पेला विसळून ठेवला, गेले. त्यानं मला फार काही वाटलं, असं नाही. पण मी त्यांच्याशी बोलायला लागले.

शेवटी एका रविवारी वेरूळच्या घाटात शर्यत झाली. साहेबांनी टेम्पोत घालून आम्हा सगळ्यांना नेलं. पुरी-भाजीचे डबे, पोरंबाळं, अगदी सहल. सकाळी सरावाच्या दोन फेऱ्या, मग खरी शर्यत. पहिली सरावाची फेरी करून अख्तरभाई खाली आले ते कपाळाला हात लावून. मागं राहणारा काटा लाल पट्ट्यात खोल रुतलेला. "मामा, कुच सुनाई नै आया! हवा, इंजिन, पहाड का आवाज, सब एक हो गया. आपका भोंगा उसीच में डूब गया!"

साहेबांनी पिशवीतून दुसरा बझर काढला. बारीक आवाजाचा, बरोबर आणलाच होता. वायरी जोडल्या. सगळे गाडीभोवती गोळा झालो होतो. साहेबांनी चाचणीचं बटण दाबलं. बाई गं, असा टोचरा आवाज! पोरांनी कान झाकले, अख्तरभाईंचं डोकं मागं झालं, शेजारच्या पुण्याच्या गाडीवाल्यानं वळून बघितलं. मामा वाकून वायरींकडं बघत होते. म्हणाले, "हां, लावा की आता. वाजवून दावा."

आवाज चालूच होता.

साहेबांचं बोट बटणावरच राहिलं. त्यांनी मामांकडं पाहिलं, मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडं. मामांनीही आमची तोंडं पाहिली. तोंडं वाचायची त्यांना सवय होती, काय झालं ते एका क्षणात कळलं. इतक्या लोकांत उघडं पडण्यापेक्षा मी साहेबांना आधीच एकट्यात सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

 मामा मात्र पळाले नाहीत. साहेबांच्या हातातून बझर घेतला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरला. "आता बटनं बदलावी लागतील," म्हणाले. "टोचऱ्या आवाजाला मानूस लवकर हालतो. चला अख्तरभाई, एक फेरी."

वायरी लोंबत्या तशाच धरून मामा त्या बुटक्या गाडीत बसले. बझर वाजला की बोटांना झिणझिणी यायची, आणि शेजारी अख्तरभाईंचा डावा हात गिअरच्या दांडीवर. झिणझिणी आणि हात हलणं, यांच्यामध्ये किती वेळ जातो तेवढंच मामा बघत होते. कान लागणारच नव्हते त्याला. एका फेरीत चारही गिअरचा अंदाज घेतला, खाली आले, बटणं फिरवली. पहिलं जरासं, दुसरं त्याहून कमी, तिसरं नखभर. चौथ्याला हात लावला नाही.

शर्यत पुण्याच्या गाडीनं जिंकली. अख्तरभाई दुसरे आले. पण वरून परतले तेव्हा काटा लाल पट्ट्याच्या अलीकडं उभा होता, आणि इंजिन शाबूत! गाडीतून उडी मारून त्यांनी मामांना मिठी मारली. "मामा, आज गाडी मैं नै चलाया, तुम चलाए!" मामा त्यांच्या तोंडाकडं बघून हसले. सगळं ऐकू आलं असेल असं वाटत नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता, पण मालक होता. सोमवारी मामांना टेबलावरून काढलं, पॅकिंगला दिलं. आणि टेबल दिलं मला. मी नको म्हणाले, खरंच म्हणाले. मामाच मला ओरडले, "कामून नको? कान हायेत ना? बस!" तीन दिवस शेजारी उभं राहून शिकवलं. पडसं म्हणजे काय, रडणं म्हणजे काय. शेवटच्या दिवशी घोंगडी उचलली नाही, स्टुलावरच राहू दिली. म्हणाले, "एक कर. ज्या दिवशी कमी ऐकू यायला लागंल त्याच दिवशी सांग. मी नाय सांगितलं." दोन महिने पॅकिंग केलं, मग गावाकडं गेले. टेबलावर बसताना मी तेव्हापासून कानात कापूस घालते; डॉक्टरनं सांगितलंय, असं मी सगळ्यांना सांगायचे. डॉक्टर कुठला, मामांनीच सांगितलं होतं.

मग कितीतरी वर्षं गेली. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नावाची घोषणा झाली. जुनं नाव ठेवून त्यात नवं घातलेलं, लांबलचक. आमची अख्खी वस्ती विद्यापीठाच्या कमानीकडं धावली. ढोल, फटाके, घोषणा. शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं. कुणी हसतंय, कुणी रडतंय. माझा भाऊ तर कमानीच्या खांबाला टेकून लहान पोरासारखा रडत होता. आणि त्या गर्दीच्या कडेला मला मामा दिसले.

म्हातारे झाले होते. फेटा, काठी. "मामा!" म्हणून मी ओरडले, अगदी जवळ जाऊन ओरडले. उपयोग नव्हता. पाठीमागं फटाक्यांची माळ लागली तरी पापणी हलली नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ओळखलं, माझा हात धरला. "कन्नडहून येष्टीनं आलो," म्हणाले. "हितं समदे काय वरडतेत ते कळंना. नाव झालं म्हनतेत. काय झालं ते मला सांग. सावकाश सांग."

मी त्यांच्या समोर उभं राहून तोंड मोठं उघडत एकेक शब्द म्हटला. ते माझ्या ओठांकडं बघून एकेक शब्द म्हणत गेले. मध्येच थांबले, "अन् म्होरं?" म्हणाले. मी पुढचा शब्द सांगितला. सगळं नाव जुळल्यावर त्यांनी ते अख्खं एका दमात म्हटलं. आपला आवाज केवढा आहे हे त्यांना कळत नव्हतं, त्यामुळं या टेकडीवरून त्या टेकडीवर सांगावं तसं म्हटलं. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. मी काही त्यांना हळू बोला म्हणाले नाही.